चार वाजताची यादी

धम्मशीलाने ती यादी सुरू केली तेव्हा तिला वाटलं होतं, हे अगदी सोपं काम आहे.

देऊळगाव राजाच्या बाहेर मुलींच्या एका वसतिगृहात कोविड केंद्र उघडलं होतं. चाळीस खाटा, एक डॉक्टर आणि पाळीपाळीने येणाऱ्या सहा सिस्टर; धम्मशीला त्यांतलीच एक. नातेवाइकांना आत सोडत नसत. ते बिचारे रस्त्यापलीकडे, बंद पडलेल्या रसवंतीच्या मांडवाखाली बसून राहायचे आणि खिडकीत कोणी पांढरं दिसलं की उठून ओरडायचे, "ओ सिस्टर, आमचा बाबा जेवला का? बारा नंबरचा!" चाळीस घरांचे आवाज एकदम. एक म्हातारी तर तीन दिवस भलत्याच खिडकीकडे पाहून आपल्या नवऱ्याशी बोलत होती. ते पाहून धम्मशीलाने स्वतःच्या फोनवर एक ग्रुप काढला. प्रत्येक घरातल्या एकाला त्यात घेतलं आणि सांगितलं, उन्हात बसू नका, घरी जा. रोज दुपारी चार वाजता मी प्रत्येकाचं लिहीन.

ती लिहू लागली. नावं टाकायची नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून नुसता खाटेचा नंबर. 'खाट ७ – पोळी-वरण खाल्लं. ऑक्सिजन ९४.' 'खाट ८ – खोकला कमी. नातीची आठवण काढत होते.' फोन प्लास्टिकच्या पिशवीत, हातांत दोन-दोन मोजे, किटच्या आत पाठीवरून घामाच्या धारा. बोट एका अक्षरावर टेकवावं तर दुसरंच उमटायचं. चाळीस ओळींना पाऊण तास लागे. पण दुसऱ्याच दिवशी मांडव रिकामा झाला आणि ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. एवढं तरी आपल्या हातून नीट झालं, असं तिला वाटलं.

आठवड्याभराने सहा नंबरची आजी गेली.

मृत्यूची बातमी फक्त डॉक्टरांनी द्यायची, तीही फोन करून, असा नियम होता. डॉक्टरांनी ती दिली. चार वाजता यादी लिहिताना धम्मशीलाचं बोट सहावर येऊन थांबलं. काय लिहायचं? 'खाट ६' एवढं लिहून तिने पुसलं आणि ती सातवर गेली. त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही. पण लोक काही खुळे नव्हते. आणखी दोन-तीनदा तसं झालं आणि साऱ्या ग्रुपला समजलं की ज्याची ओळ नाही, तो माणूस नाही. हे कोणी ठरवलं नव्हतं, कोणी बोलूनही दाखवलं नव्हतं. मात्र चारला पाच मिनिटं कमी असताना ग्रुपवर सामसूम व्हायची. यादी पडली की लोक आपला नंबर शोधायचे. ओळीत काय लिहिलंय ते नंतर वाचायचे.

ग्रुप चाळीस माणसांचा होता तो दोनशे दहाचा कधी झाला, तिला कळलंच नाही. आत्या आल्या, मावसे आले, गावचे पुढारी आले. "सातले अंडं, अन् आमच्या मामाले काऊन नाई?" असे सवाल येऊ लागले. "सिस्टरनं मेसेज वाचला, पण उत्तर देत नाई," अशी तक्रार थेट तहसीलदारांकडे गेली. कोणी तिला पहाटे पाचला विचारी, कोणी ती जेवायला बसली की. उत्तर दिलं तर त्यातून दुसरा प्रश्न निघे, न दिलं तर तिसरा माणूस रागावे. मोताळ्याहून नोकरीसाठी येऊन तिने इथे एक खोली घेतली होती. त्या खोलीत पडल्या पडल्या तिला मांडीजवळ फोन थरथरल्यासारखा वाटायचा. हात लावून पाहावं तर फोन टेबलावर असायचा.

तिच्याबरोबरची गुलनार सिस्टर तर फोनवर बोलायलाच घाबरत होती. एका नातेवाइकाशी बोलताना थकून तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "ऑक्सिजनची गाडीच आली नाई तर मी काय करू, भाऊ?" त्याने ते बोलणं फोनमध्ये आवाजासकट टिपून ठेवलं आणि तेवढंच वाक्य कापून फिरवलं. तीन तालुक्यांत गेलं. गुलनारच्या सासरी, तिच्या मुलीच्या शाळेच्या ग्रुपवरही गेलं. तेव्हापासून गुलनार सलाइन लावायची, ताप बघायची, सगळं करायची. पण कोणाचा फोन आला की धम्मशीलाकडे द्यायची.

असा एप्रिल चालला होता.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला अठरा नंबरचे उत्तमराव गेले. डोणगावात त्यांचं किराणा दुकान होतं. मेहकरात खाट मिळाली नाही म्हणून एवढ्या लांब आले होते. बायको आधीच वारलेली, एकुलती एक मुलगी श्रद्धा पुण्यात. कंपनीत नोकरी, बाहेर पडायला बंदी, आणि पोटात सातवा महिना. ती रोज ग्रुपवर असे, पण कधी काही मागत नसे. यादी पडली की एक हात जोडलेलं चित्र, बस.

"मी कळवतो घरी," डॉक्टर आल्हाद म्हणाले. सत्तावीस वर्षांचा मुलगा. तीन आठवडे घरी गेला नव्हता. धम्मशीलाने मान डोलावली आणि ती कामाला लागली. अठराची चादर निघाली, खाटेवर औषध फवारलं गेलं. शव न्यायला गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी मिळणार होती.

साडेतीनला ती यादीला बसली. सतरावर होती तेव्हा फोनच्या वरच्या कडेला एक निरोप सरकला. श्रद्धाचा, फक्त तिला पाठवलेला. "ताई, बाबांचा फोन लागतोय पण उचलत नाहीत. झोपलेत का?"

धम्मशीला त्या ओळीकडे पाहतच राहिली. म्हणजे हिला अजून कळलेलं नाही. डॉक्टरांनी फोन केला नाही? की केला आणि हिने उचलला नाही? तेवढ्यात बत्तीस नंबरच्या बाईंना ठसका लागला. त्यांना उठवून बसवलं, पाणी दिलं, परत आली. अठरा सोडायचा, एवढं तिच्या डोक्यात पक्कं होतं. तिने अठरा सोडला आणि पुढची ओळ लिहिली, 'खाट २० – ताप नाही. केळं खाल्लं.' मग एकवीस, बावीस. चार वाजता यादी गेली.

वीस मिनिटांनी एकोणीस नंबरवरून हाक आली.

"अवो सिस्टर, इकडं या जरा. पाहा, मी मेलो."

नीळकंठराव तहसील कचेरीतले निवृत्त कारकून. साऱ्या तालुक्याचे दाखले त्यांच्या हातून गेलेले, त्यामुळे ओळखी चिक्कार. खाटेवर उशीला टेकून ते फोन पुढे धरून बसले होते.

"काय बोलता काका?"

"मी नाई बोलत, लोकं बोलून राह्यले."

फोनवर नीळकंठरावांचा फेटा बांधलेला फोटो होता. दोन बाजूंना दोन समया. वर मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल – समस्त मित्रपरिवार'. त्यांचा पुतण्या कुशल फ्लेक्सचं दुकान चालवायचा. यादीत एकोणीस नाही हे पाहिल्यापासून चौदा मिनिटांत त्याने ते तयार केलं होतं.

"फोटू बरा हाये नाई?" नीळकंठराव म्हणाले. "कुशलच्याच लग्नातला. अन् हे पाहा, 'दिलदार मित्र हरपला.' ह्या दिलदाराच्या मित्रानं मले जन्मात कधी च्या नाई पाजला."

शेजारच्या वीस नंबरवरून टेम्पोवाले शकूरभाई म्हणाले, "नीळकंठभाऊ, जिंदा असताना एवढी तारीफ कोनी केली व्हती का तुमची? पडून राहा आता चुपचाप."

"पडून काय राहा बे! माझ्या साडूनं अजून कायबी नाई टाकलं. वाचून गप बसला असन."

दोघं हसले. धम्मशीलालाही हसू येणार होतं, तेवढ्यात तिचं लक्ष नीळकंठरावांच्या बोटावरच्या यंत्राकडे गेलं. सकाळी त्र्याण्णव होता, तो आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला होता.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "तुमाले कायी ठाऊक हाये का? म्हंजे डॉक्टर कायी बोलले का माझ्याबद्दल? म्हनून नंबर काढला का तुमी?"

"नाई हो काका, देवाशप्पथ नाई. माह्याकडून राहून गेला. चूक झाली."

"खरं?"

"खरं."

त्यांना पालथं झोपवून, पाठ चोळून, आकडा एक्याण्णववर येईपर्यंत ती तिथून हलली नाही. घरच्यांना त्यांनी फोन केला, रडारड झाली, थांबली. मग तिने ग्रुपवर लिहिलं, "खाट १९ चांगले आहेत. माझ्याकडून ओळ राहून गेली. माफ करा."

पाच वाजता किट उतरवून ती घटकाभर जिन्याच्या पायरीवर येऊन बसली. कपडे अंगाला चिकटलेले, नाकावर मास्कचा वळ. तिने फोन उघडला आणि बघते तर तीनशे चाळीस निरोप.

कुशलने लिहिलं होतं, "आम्ही यादी पाहूनच टाकलं. आमची काय चूक?" तो खोटं बोलत नव्हता. त्याच्याखाली मात्र सारं बांध फुटल्यासारखं. "जिवंत मानूस मारते ही बाई." "पगार कायचा घेते?" "हिले नोकरीवरून काढा." एकाने तिचा फोटो शोधून काढला होता. गेल्या वर्षी एका पुढाऱ्याने साऱ्या सिस्टरांना फोनवर 'कोरोना योद्धा' अशी सन्मानपत्रं वाटली होती, गुलाबाच्या चौकटीतली. त्यातलाच तो फोटो. चौकट तशीच ठेवून खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'हीच ती नर्स. पुढे पाठवा.'

तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा, प्रेमानंदचा फोन आला.

"अवं, ते ग्रुपवरचं कायी पाहू नको तू. लोकं कायीबी लिहितात."

"तुमच्याकडं कसं आलं?"

"मोताळ्यात सगळ्याइकडं आलं. आईनं पाह्यलं. शेजारच्या बाईनं येऊन दाखवलं तिले."

"त्या काय म्हनल्या?"

"काय म्हनन? रडली. तू पाहू नको."

"काय लिहिलं हाये असं?"

"थांब, पाठवतो तुले."

आणि त्याने खरंच पाठवलं, एकामागून एक अकरा फोटो. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. बायकोवर बोललेलं एकट्याने वाचत बसणं त्यालाही जड जात असावं. तिनेही एकही ओळ सोडली नाही. ज्यांचा बाप तिने काल स्वतःच्या हाताने भरवला होता, त्यांचं नाव दिसलं की ती दोनदा वाचायची. बारा नंबरच्या मुलाने काहीच लिहिलं नव्हतं, नुसता अंगठा दाखवला होता. कशाला, ते कळत नव्हतं. शिवीला की तिच्या माफीला?

वाचता वाचता मध्येच तो निरोप आला.

"ताई, म्हणजे १८ ची ओळ पण राहूनच गेली असेल ना? मला वाटलंच होतं. मघापासून जीव थाऱ्यावर नव्हता. लोक काय बोलतात ते मनावर घेऊ नका. तुम्ही खूप करताय. बाबांना फक्त म्हणावं, फोन उचला."

त्या तीनशे चाळीस निरोपांत तिच्याशी बरं बोललेला तो एकच होता.

धम्मशीला उठली. डॉक्टर आल्हाद खाली पाच नंबरपाशी होते. तिथला तरुण मुलगा खालावत चालला होता. ती दारातूनच म्हणाली, "सर, अठराच्या घरी कळवलं नाही?"

"तीनदा फोन केला, ताई. रिंग जाते, कोणी उचलत नाही. रजिस्टरमध्ये नंबर आहे, बघा बरं तुम्ही एकदा."

वसतिगृहाच्या कचेरीत ते रजिस्टर होतं. उत्तमराव, डोणगाव, वय एकसष्ट. घरच्यांचा मोबाईल – पुढे दहा आकडे, त्यांच्याच वळणदार अक्षरातले. तिने तो नंबर फिरवला.

खोलीच्या कोपऱ्यात फोन वाजला.

कोपऱ्यात, कपाटाच्या खाली, गेलेल्या माणसांच्या सामानाच्या पिशव्या तोंडं बांधून ठेवल्या होत्या. त्यांतली एक पिशवी उजळली होती आणि आतून घंटी येत होती. धम्मशीलाने जवळ जाऊन तिचं तोंड सोडलं. चष्मा, टॉवेल, बिस्किटाचा अर्धा पुडा आणि फोन. भरती करताना म्हटलं असेल, घरचा नंबर लिहा. घरात ते एकटेच. त्यांनी आपलाच लिहिला. नियमाप्रमाणे डॉक्टर दिवसभर मेलेल्या माणसाला त्याच्याच मृत्यूची बातमी द्यायला फोन करत होते, आणि तिकडून मुलगी तोच फोन लावत होती.

तिने डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते पाच नंबरच्या छातीवरचे हात न काढता म्हणाले, "ताई, मला इथून हलता येणार नाही. तुमच्याकडे मुलीचा नंबर आहे. तुम्हीच सांगा."

"मी? सर, नियम..."

"हो, माहीत आहे. पण सांगा."

ती परत पायरीवर आली. ऊन अजून रस्त्यावर होतं. श्रद्धाचं नाव समोर होतं, पण बोट पुढे होईना. आपण काही बोलू आणि ते टिपलं जाईल. उद्या सकाळी साऱ्या जिल्ह्यात आपला आवाज फिरेल. 'हीच ती नर्स, हिने अधिकार नसताना सांगितलं.' शब्द इकडचा तिकडे झाला तर? आधी वाक्य जुळवून घ्यावं म्हणून तिने मनात चार वाक्यं जुळवली. चारही वाक्यं कोणी कापली तर कशी ऐकू येतील, तेच तिच्या डोक्यात येत राहिलं. फोन बंद करून खोलीवर जावं आणि झोपावं, असं तिला इतकं वाटलं की ती खरंच दोन पायऱ्या उतरली. उद्या डॉक्टर सांगतील. नियमच आहे तो.

पण तिकडे ती पोरगी आज रात्री बाप जिवंत आहे म्हणून जेवेल. आणि ती तशी जेवेल, ते आपल्या चुकून राहिलेल्या ओळीमुळे.

तिने फोन लावला. पहिल्या घंटीलाच उचलला गेला.

"ताई! बाबा?"

जुळवलेल्या चार वाक्यांतलं एकही आठवेना.

"श्रद्धा, जवळ कोनी हाये का तुह्या? बसली का तू?"

"मिस्टर आहेत. ताई, काय झालं? एकोणीस नंबरसारखंच ना? ओळ राहिली ना?"

"एकोणीसची राहिली. तुही नाई राहिली, माय. ती म्या सोडली. सकाळी साडेनवाले गेले ते."

तिकडे मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग श्रद्धा बोलली तेव्हा पुण्याची भाषा गळून गेली होती.

"सकाळी? अन् मले आता सांगून राह्यल्या?"

धम्मशीलाने काही लपवलं नाही. नंबर कसा चुकला, फोन कुठे वाजला, सारं सांगितलं. बोलताना तिच्या लक्षात आलं, की आपण हे टिपलं जाईल का म्हणून थांबत नाही आहोत.

"ताई, काल तुमी लिहिलं होतं, अर्धी पोळी खाल्ली. खरंच खाल्ली होती का?"

'हो' म्हणणं सोपं होतं.

"दोन घास खाल्ले. अर्धी पोळी म्या लिहिली."

"अन् ते? 'लेकीले सांगा, आंब्याले या वर्षी कैऱ्या लय हायेत'?"

"ते त्याहिचंच. तसंच्या तसं."

श्रद्धाचा बांध तिथे फुटला. धम्मशीलाने फोन कानाला धरून ठेवला. बऱ्याच वेळाने पलीकडून शब्द आले, "डोणगावले काकाले सांगतो मी. ते येतीन सकाळी. ताई, तुमी कायी बोलू नका. पन फोन नका ठेवू. थोडा वेळ."

"नाई ठेवत."

ती पायरीवर भिंतीला टेकली. कानाशी ते रडणं चालू होतं, कधी मोठं, कधी नुसता श्वास. तिने समजावलं नाही. वरच्या मजल्यावरून गुलनारने खाली वाकून हाक मारली, "धम्मशीला, बत्तीसचं सलाइन!" तिने हात वर करून पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं. गुलनारने तिच्या कानाशी धरलेला फोन पाहिला आणि बत्तीसकडे ती स्वतःच वळली.